आज भेव किती टोपले?

हिवरखेडच्या माणिकबाईला सासूचं भय कधी वाटलं नाही, सापाचं तर नाहीच. झेंडूच्या तोडणीला ती एकटी शेतात शिरली की सापानेच बाजूला व्हावं, असा तिचा दरारा. तिला भय वाटायचं ते एसटीचं. तेही आधी वाटत नव्हतं. दोन वर्षांमागे दसऱ्याच्या तोंडावर ती आणि तिचा नवरा चंद्रभान झेंडूची टोपली घेऊन अकोटला निघाले होते. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. अचानक छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या, घसा आवळला. "मी मेली वं माय," असा तिने टाहो फोडला. ड्रायव्हरही बिचारा भला. त्याने प्रवाशांसकट, झेंडूसकट गाडी सरळ दवाखान्यात घातली. तिथे कार्डिओग्राम निघाला, काळीज ठणठणीत. "तुम्हाला काही झालं नाही," असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. काही झालं नसताना माणूस मरायला कसं टेकतं, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

मग गावाची डॉक्टरी सुरू झाली. कोणी नजर म्हणालं, कोणी गॅस. हुंगायला कांदा, चोखायला लिंबू, कपाळाला अंगारा, अशी सगळी सामग्री तिच्या पिशवीत जमली. पण पिशवी भरली आणि प्रवास आटला. आधी एसटी सुटली, मग काळीपिवळी, शेवटी चंद्रभानच्या मोटरसायकलची मागची सीटसुद्धा. वेशीबाहेर निघायचं म्हटलं की छाती वाजायला लागायची. बाजाराला चंद्रभान जाऊ लागला. तो पडला भोळा सांब, 'देवाले पायजे' म्हटलं की ओंजळभर फुलं जास्तच घालायचा. तेही माणिकबाईने गिळलं. पण परतवाड्याला दिलेली लेक मोनाली दुसऱ्यांदा गरोदर राहिली आणि फोनवर म्हणाली, "माय, बारशाले तू नाई आली, तर मी पोराचं नावच नाई ठेवत." मोनाली आईवरच गेलेली, बोलेल ते करणारी. नातवंड जन्मभर बिननावाचं फिरतंय, हे चित्र माणिकबाईच्या डोळ्यांपुढून हलेना.

गावच्या आरोग्य केंद्रात दर मंगळवारी अमरावतीची माधवी बसायची. ती मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करणारी. तिच्याकडे जाणं म्हणजे डोकं फिरल्याची दवंडीच, म्हणून माणिकबाई डोक्यावर टोपलं घेऊन 'फुलं घ्या' करत आत शिरली. माधवीने मुकाट्याने झेंडू घेतला आणि दार लोटून म्हणाली, "फुलं झाली मावशी, आता बाकीचं सांगा." माणिकबाई जी रडायला लागली, ती टोपल्यावर डोकं ठेवून रडली. दोन वर्षांत तिला असं कोणी विचारलंच नव्हतं.

"शेतात राखणीचं कुत्रं आहे ना?" माधवीने विचारलं. "रानडुक्कर आलं की भुंकतं. आणि नुसता पत्रा वाजला तर?"

"तवाबी भुकते मेलं."

"तुमच्या छातीतलंही तसंच आहे. पत्रा वाजला, ते भुंकलं, तुम्ही पळालात. आता त्याला वाटतं, डुक्कर खरंच होतं."

"मंग हाकलू कसं त्याले?"

"हाकलायचं नाही. तिथेच बसून राहायचं. दमतं ते."

भीती शंभरपैकी किती, असं माधवीने विचारलं तेव्हा माणिकबाई म्हणाली, "भेव काई नगावर मोजतेत का? टोपल्यावर घ्या." तेव्हापासून हिशेब टोपल्यांत. रिकामं टोपलं म्हणजे मजेत. पाच टोपले म्हणजे दसऱ्याची गाडी.

पहिला धडा होता, स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत नुसतं बसून यायचं. पुढच्या मंगळवारी माणिकबाई फुशारक्या मारत आली, की भेव औषधालाही नव्हतं. खोदून विचारल्यावर कळलं, बाई गाडीत फुलं विकत होत्या. प्रवासी घासाघीस करत होते आणि कंडक्टर ओरडत होता, "मावशी, हे गाडी हाय का दुकान?" माधवी पोट धरून हसली. मग म्हणाली, "धंदा बंद. भीतीला यायला जागा तरी ठेवा."

जागा दिल्यावर ती आलीच. पुढचे धडे चालत्या गाडीचे. एकदा माणिकबाई अर्ध्या वाटेत उतरली आणि रडत चालत घरी आली. माधवी रागावली नाही. "उतरायच्या आधी बसला होतात ना? तेवढं कमावलं," एवढंच म्हणाली. हळूहळू अंगारा सुटला, लिंबू सुटलं, माणिकबाईच्या सांगण्याप्रमाणे कांदाही सुटला. राहता राहिला चंद्रभान. तो मोटरसायकल घेऊन एसटीच्या मागे मागे यायचा, आणि तो दिसला की माणिकबाईला धीर यायचा. माधवीने त्याला बजावलं, की आता तुम्ही घरीच थांबायचं. "होय ताई," तो म्हणाला.

मोनालीला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी माणिकबाई नवं लुगडं नेसून एकटी निघाली. अकोटच्या स्टँडवर गाडी बदलताना रसवंतीच्या मागे एक हेल्मेट दिसलं. आयुष्यात कधी हेल्मेट न घातलेल्या माणसाने ते लपायला घातलं होतं.

"तुमी इथं काहून?"

"पेट्रोल भराले आलो," चंद्रभान म्हणाला.

"हिवरखेडचा पंप आटला का?"

त्याने हेल्मेट काढलं. तोंड घामाने डबडबलेलं. "मोनालीची माय, तू मेली म्हणून वरडली ना, तवा मी बाजूले बसून होतो. तो आवाज कानातून जात नाई. तू गाडीत बसली का मलेच धाप लागते."

दोन वर्षं तिला वाटत होतं, भेव आपल्या एकटीच्याच छातीत राहतं. तिला गलबलून आलं.

"किती टोपले?" तिने हळूच विचारलं.

"ट्रॉली भरून."

या मागं मागं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर दोघांचंही भागलं असतं. पण तिने कमरेच्या पिशवीत हात घातला, माधवीपासून लपवलेला कांदा काढला आणि त्याच्या खिशात कोंबला. "हुंगत बसा," म्हणाली आणि परतवाड्याच्या गाडीत चढली.

अंजनगाव सुटलं आणि कुत्रं भुंकायला लागलं. छाती, मुंग्या, घसा, सगळं जसंच्या तसं. तिचा हात पिशवीत गेला. कांदा अकोटला होता. बेल मारायला ती अर्धी उठलीही, पण डोळ्यांपुढे बिननावाची नात आली आणि ती खाली बसली. "भुक बापा," ती पुटपुटली, "मी इथंच हाव." पाच टोपले, मग चार, मग पुन्हा पाच. खिडकीतून संत्र्याचे बगीचे मागे पडत होते. पथ्रोट येईतो कुत्रं दमलं होतं आणि माणिकबाई शेजारणीला गजऱ्याला लागणाऱ्या दोऱ्याबद्दल शहाणपण शिकवत होती.

परतवाड्याला नात मांडीवर घेऊनच तिने फोन लावला. "पोचली मी. भेव आलतं संगं, पण थे वाटेतच उतरलं."

पलीकडून स्टँडवरचा भोंगा ऐकू आला.

"तुमी अजून अकोटलेच?"

"तुह्या फोनाबिगर गाडी चालू कराची हिंमत होईना," चंद्रभान म्हणाला. "आता खाली झाले टोपले."

"मंग या बारशाले," ती म्हणाली. "तुमी येईलोक नाव नाई ठेवत. अन् मंगळवारी माधवीताईकडं माह्यासंगं तुमी बी चालसान."

"बरं," तो म्हणाला. "अन् ह्या कांद्याचं काय करू?"

"घेऊन या. भाजीत टाकू."