दर महिन्याचा खोका

पडद्यांच्या दुकानात त्यांना सगळे पसंतीबाई म्हणायचे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की बाई त्याला चपलेपासून चष्म्यापर्यंत जोखायच्या, पण कापडाचा तागा काही लगेच उलगडायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "घरी कधी येऊ बघायला?" घरी गेल्यावरही भिंतीचा रंग बघायच्या नाहीत, तो काय कुणालाही दिसतो. जुना पडदा नेमका कुठे मळलाय, कोणत्या खिडकीला कपड्यांचा चिमटा लावून तो बाजूला सारलाय, ते बघायच्या. "माणसं सांगतात एक आणि पडद्याला करतात भलतंच," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या निवडीत दुकानाचा मालकही नाक खुपसत नसे.

अशा बाईंनी स्वतःच्या घरात साफ चुकीची निवड केली. ती त्यांनी निस्तरली कशी तेही सांगायला हवं, नाहीतर बाई दुकानाची पायरी चढू द्यायच्या नाहीत.

बाईंचा नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर लोकांच्या पोरांचा कालवा ऐकून घरी आला की घरातली शांतता त्याला खायला उठायची. खूप वाट बघून, कागदपत्रांचे हेलपाटे घालून शेवटी त्यांच्या घरी एक मुलगी आली. तान्हं बाळ नव्हे, नऊ वर्षांची, सगळं कळणारी. याआधी दोन घरांनी तिला नेलं होतं आणि दोन्ही घरांनी परत अनाथ मुलांच्या संस्थेत आणून सोडलं होतं. का, ते संस्थेतल्या ताईंनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. कारण काहीही असो, बाईंना त्या दोन्ही घरांचा राग यायचा, आणि तो अजून गेलेला नाही.

मुलगी शहाण्यासारखी वागायची. जरा जास्तच शहाण्यासारखी. जेवण झालं की स्वतःचं ताट उचलायची, विचारल्याशिवाय पंखा लावायची नाही, दोघांना काका-काकू म्हणायची. कपाटातला एक अख्खा कप्पा तिच्यासाठी मोकळा केला होता, तरी कपडे घडी करून आपल्या पिशवीतच ठेवायची. बाईंना एकच हवं होतं, या पोरीला हे घर आपलं वाटावं.

ताईंनी सुचवलं, "दोघी मिळून एक स्क्रॅपबुक करा. फोटो, तिकिटं, चित्रं, काय असेल ते लावा." बाईंना हे एकदम पटलं. मोबाइलवर शोधायला बसल्या, तर दर महिन्याला साहित्याचा खोका घरपोच पाठवणारे कितीतरी जण निघाले. एकाचं सगळंच गुलाबी आणि चमचमतं. दुसऱ्याचे रंग असे की बघून डोळे दुखावेत. तिसरा मात्र बाईंच्या नजरेत भरला. दर महिन्याला एक विषय, कागद, पट्ट्या, स्टिकर सगळं एका मेळातलं, पानांवर चौकटी आधीच आखलेल्या, कुठे काय लावायचं तेही छापलेलं. पडदा, चादर आणि उशीचे अभ्रे जुळून यावेत तसा सगळा मामला.

"डोळे झाकून घेऊन टाक," नवरा म्हणाला.

"मी डोळे उघडे ठेवून घेते, म्हणून माझं चुकत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वर्गणी भरली.

पहिला खोका आला. दोघी टेबलाशी बसल्या, बाईंनी हौसेने पानं बाहेर काढली. विषय होता ‘माझं बाळपण’. पहिल्याच पानावर चौकटी होत्या: पहिलं हसू, पहिला दात, पहिलं पाऊल. कागदाच्या रंगावर बाई इतक्या खूश होत्या की छापलेलं वाचायचंच राहून गेलं होतं. मुलीकडे तर बाळपणाचा एकही फोटो नव्हता. तिने पान नीट बघितलं, पुन्हा खोक्यात ठेवलं आणि म्हणाली, "छान आहे, काकू. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल."

रडली असती, फाडलं असतं तरी परवडलं असतं. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी ती वर्गणी बंद केली आणि कोरी पानं असलेला दुसरा एक खोका नमुन्यादाखल मागवला. आता चुकायला जागाच नव्हती.

कोऱ्या पानांवर मुलगी रमली. पट्ट्या कापल्या, कार्डं मांडली, तिकडचं इकडे केलं, तासभर मान वर केली नाही. बाईंनी कौतुकाने डिंकाची बाटली पुढे सरकवली. मुलीने बाटलीकडे बघितलं.

"काकू, हे चिकटवलं की परत काढता येतं?"

"काढायचं कशाला?"

"असंच विचारलं." आणि तिने मांडलेलं सगळं एकेक करून उचललं आणि खोक्यात भरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बाईंचं कशात लक्ष लागेना. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडकीचा चिमटासुद्धा बघणारी मी, आणि घरातल्या मुलीचं काही न बघता खोके मागवत सुटले, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी घरी आल्यावर त्या सरळ मुलीशेजारी जाऊन बसल्या.

"तुझ्या वस्तू तू कशा ठेवतेस, मला दाखवशील? नको असेल तर राहू दे."

मुलीने जरा विचार केला, मग पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. आत सगळं सुटं होतं. एक मोठं बटण, सर्कशीचं तिकीट, पतंगाची शेपटी, संस्थेतल्या मैत्रिणीबरोबरचा फोटो. फोटो बाईंनी उलटा केला. मागचा कागद जागोजागी सोलवटला होता, एक कोपरा तर पार गेला होता.

"आधीच्या घरी अल्बममध्ये चिकटवला होता," मुलगी म्हणाली. "निघताना काढला. नीट निघाला नाही."

तुला इथून कुठेही जायचं नाही, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं. पण हे वाक्य या पोरीने आधी दोनदा ऐकलं असणार. बाईंनी ते गिळलं.

"मग आपण चिकटवायचंच नाही," त्या म्हणाल्या. "चिकटवावं न लागणारं काही मिळतं का, ते बघू."

आता दोघी मिळून मोबाइलवर शोधायला बसल्या आणि बाईंना कळलं की पोरीची पसंती आपल्याहून कडक आहे. छापील वाक्यं नकोत. चमकी नको, हाताला लागते. पारदर्शक खिसे हवेत, पण तिकीट न दुमडता मावेल एवढे मोठे. पानं कडीत अडकवायची हवीत, म्हणजे मागची पुढे करता येतील. नवऱ्याने मध्येच एक फुलाफुलांचा खोका सुचवला, तर दोघींनी एकदमच नाक मुरडलं. अशा खिशांच्या पानांचा खोका शेवटी मिळाला. खपेल की नाही या धास्तीने असेल, तो पाठवणारे वर्गणी महिन्या-महिन्याने घ्यायला तयार होते.

खोके येत गेले. डब्यातलं बटण पहिल्या खिशात गेलं, सोलवटलेला फोटो दुसऱ्या. नवऱ्याने बसच्या पुढच्या काचेवरचा जुना नंबराचा कागद आणून दिला, त्याला अख्खं पान मिळालं. बाईंनी कापडाचे तुकडे आणले, त्यातले बरेचसे नापास झाले. सुरुवातीला मुलगी झोपण्याआधी सगळं काढून डब्यात भरायची. पुढे कधीतरी ते बंद झालं. बाईंनी ते बघितलं, पण ताकास तूर लागू दिली नाही. नवऱ्यालाही डोळ्यांनीच दटावलं.

एका रविवारी सकाळी कंपनीचा निरोप आला. पुढचे खोके महिन्या-महिन्याने पाठवायचे की एकदम वर्षभराची वर्गणी घेणार? मुलगी जमिनीवर पालथी पडून पानांची अदलाबदल करत होती. बाईंनी निरोप वाचून दाखवला. आवाज साधा ठेवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला.

"काय सांगू त्यांना? महिन्याचं बरं की वर्षाचं?"

"वर्षाचंच घे," मान वर न करता मुलगी म्हणाली. "आणि ते संपलं की आधी मला विचार, मगच दुसरं काही घे. पहिल्यांदा तू एकटीनेच ठरवलं होतंस."

नवरा मोठ्याने हसला. दुकानात कुणाचं ऐकून न घेणाऱ्या पसंतीबाईंनी मान हलवली आणि वर्षाची वर्गणी भरून टाकली.