बुटातली पिल्लं आणि दाराबाहेरचा रॅक

एडिसनमधल्या आमच्या टाउनहाउस कॉलनीत दाराबाहेर प्लास्टिकचा सांता दोन महिने उभा राहू शकतो. हॅलोविनचे भोपळे कुजेपर्यंत राहू शकतात. चपलांचा रॅक मात्र चालत नाही. त्यानं म्हणे कॉलनीची शोभा जाते.

वीणाकाकू इथं बावीस वर्षं राहतात आणि बावीस वर्षं दाराबाहेरच चपला काढतात. फार्मसीत दिवसभर उभ्यानं गोळ्या मोजायच्या, घरी आलं की आधी बूट बाहेर, मग पाय धुवायचे, मग चहा. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहते. कॉलनीतल्या घरमालकांच्या असोसिएशनच्या पत्रांना उत्तरं टाइप करणं हे माझं काम.

या एप्रिलमध्ये रॅकवरच्या एका स्नो बुटात रेनच्या जोडीनं घरटं केलं. बूट काकूंच्या मुलाचा, नकुलचा. तो क्युपर्टिनोला गेला, तिथं कुठला बर्फ. रेन म्हणजे मुठीएवढा तपकिरी पक्षी, शेपटी सदा वर, आवाज मात्र अंगाच्या दहापट. दोघांनी वाळकी पानं, साली आणि काकूंच्या केरसुणीचे तंतू कोंबले, छप्पर घातलं, बाजूनं वाट ठेवली. मादी दोन आठवडे अंड्यांवर बसली, नर तिला अळ्या भरवत राहिला. मग चार पिल्लं निघाली. डोळे मिटलेले, अंग उघडं, बाकी सगळं तोंडच.

तेव्हाच पत्र आलं: सात दिवसांत रॅक काढा, नाहीतर आमची माणसं काढतील.

रविवारी संग्राम आला. असोसिएशनच्या बोर्डावरचा आपला माणूस, साताऱ्याचा. सवयीनं त्यानं बूट काढून त्याच रॅकवर ठेवले आणि आत आला.

"काकू, बॅकयार्डमध्ये ठेवा ना रॅक. सिंपल आहे."

"आईबाप इथं शोधतील. तिथं पिल्लं उपाशी मरतील."

"आणि पिल्लं असलेलं घरटं हलवणं कायद्यानं चालत नाही," मी म्हणाले. मी वाचलं होतं.

"बरं, पक्ष्यांचं सोडा. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतात यार. आपल्या लोकांची इमेज असते."

"तुझ्या घरी चपला कुठं काढतात?"

"गॅरेजमध्ये."

"म्हणजे लपवून," काकू म्हणाल्या. "चहा घे."

चहा झाल्यावर तो निघाला, तर काकूंनी दार अडवलं. "थांब. ती आत आहे." मादी अळी घेऊन आली होती. ती गेली, तोवर नर आला. संग्राम मोज्यांवर पंधरा मिनिटं दाराच्या काचेला नाक लावून उभा. मग त्यानं फोन काढला.

संध्याकाळी तो व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर होता. दोनशे बदाम आले. मंगळवारी बोर्डाचं पत्र: वन्यजीवांचा आदर म्हणून मुदत वाढवली आहे.

मला वाटलं, काकू खूश होतील. त्यांनी पत्र टेबलावर आपटलं.

"बावीस वर्षं मी सांगतेय, बाहेरची घाण घरात आणायची नाही, आमची पद्धत आहे. तेव्हा कुणाला आदर सुचला नाही. पाखराला दोन दिवसांत परवानगी."

त्यांचं चुकलं कुठं, मला अजून सापडलेलं नाही. ज्या रॅकची लाज वाटत होती, त्याच रॅकचे फोटो काढायला आता शेजारी येत होते. बुटाचे फोटो, अर्थात. खालच्या चपला कापून.

पिल्लं निघाल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी नर कुंपणावर बसून हाका मारू लागला. एकेक पिल्लू बुटाच्या काठाशी आलं, डगमगलं आणि झुडपात पडल्यासारखं उडालं. चौथ्याला तास लागला. काकूंनी कामावर उशीर होईल असं कळवलं आणि ते उडेपर्यंत दाराआड उभ्या राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी ईमेल आली: घरटं आता रिकामं आहे, रॅक काढावा.

काकूंनी मला लॅपटॉप आणायला लावला. मी कायद्याचं कलम शोधू लागले.

"कलम नको," त्या म्हणाल्या. "लिही. पक्षी गेले. आम्ही अजून इथंच राहतो. रॅक राहील."

मी लिहिलं, आणि खाली त्यांच्या नावाशेजारी माझंही नाव टाकलं.