गायकवाडांची लाइन

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी गायकवाडांच्याच नावाने चडफडत बसले होते. परदेशातल्या दुर्बिणीकडून येणारी फाइल सकाळपासून अर्ध्यावर अडली होती आणि आमच्या संशोधन संस्थेचं नेटवर्क सांभाळणारा हा वहिनींचा नवरा फोन उचलत नव्हता. वहिनी म्हणाल्या, "पहाटे गेले हो." समोर फाइल तशीच अडलेली…

मिलिंद गायकवाड आले तेव्हा आम्ही आकाशाची चित्रं टेपवर भरून कुरिअरने मागवायचो. पुढे हिंजवडीत काचेच्या इमारती उठल्या, त्यांच्या बरोबरचे सगळे तिकडे पळाले. हे मात्र आमच्या आवारात फायबरसाठी चर खणून घेत उन्हात उभे. म्हणायचे, "तिकडे पगार आहे, इथे डोकेदुखी. मला डोकेदुखी मानवते." फायबर आलं तरी फाइली रखडायच्याच, कारण फीच्या पावत्यांपासून ईमेलपर्यंत सगळ्यांची तपासणी एकाच फायरवॉलमध्ये. दुर्बिणीच्या अगडबंब फाइलींना त्या गर्दीबाहेरून स्वतंत्र लाइन द्या, तिच्यावरचा पहारा मी बघतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. समिती जवळजवळ राजी होती.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सर्व्हर रूममधल्या यंत्रांनाही हळदकुंकू आणि झेंडूचे हार. त्या वर्षी कुणीतरी भक्तिभावाने नेटवर्कच्या मुख्य स्विचच्या जाळीवरच जाडजूड हार बांधला. हवा कोंडली, यंत्र तापलं, डेटा वाटेतच गळायला लागला. गायकवाडांनी हार उतरवून नीट ताटात ठेवला. वेग परत आला. झालं, एवढंच! पण संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू: "ते बौद्ध ना, त्यांना काय आपल्या पूजेचं?" पुढच्या बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य अगदी गोड आवाजात म्हणाले, "ज्यांना संस्थेच्या रीती जपता येत नाहीत, त्यांच्या भरवशावर वेगळी लाइन कशी सोडायची?" मी भांडले, तापमानाचा आलेख टेबलावर आपटला. प्रस्ताव 'विचाराधीन' राहिला. बाहेर आल्यावर म्हटलं, "अहो, तुम्ही का नाही बोललात?" चष्मा पुसत ते म्हणाले, "बाई, आलेख त्यांनाही वाचता येतो. ते आडनाव वाचत होते."

त्यानंतर दर वर्षी प्रस्ताव तोच आणि उत्तरही तेच. आणि दर खंडेनवमीला गायकवाड स्वतः मंडईतून हार आणायचे, जाळी सोडून बाजूला बांधायचे. ते बघताना मला कसंतरीच व्हायचं. अजूनही होतं.

शोकसभेत संचालकांनी जाहीर केलं, गायकवाडांच्या स्मरणार्थ ती लाइन मंजूर. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर वाजल्या असत्या. वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"प्रस्तावात तुम्ही काही बदललंत का?"

"नाही वहिनी. त्यांचाच आहे, शब्दन् शब्द."

"मग आता कसा चालला?"

त्या रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मी पाण्याचा पेला पुढे केला. दुसरं काय करणार होते?

लाइन सुरू झाली आहे. चहा गार व्हायच्या आत फाइल येते. आली की हात आपोआप फोनकडे जातो, त्यांना सांगायला… परवा जिन्यात संचालक भेटले. म्हणाले, "काय वेग आहे हो! आज गायकवाड असते तर किती खूश झाले असते."

मी म्हटलं, "ते असते तर लाइन नसती."