जोगव्यात मिळालेलं औषध

मोठ्या आतड्याला सूज आणि त्यात जखमा, असा माझा आजार. चारचौघांत सांगण्यासारखा नाही. मी सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. पोटात कळ आली की मुलांना पाढे म्हणायला लावून धावत सुटायचं, आणि परत येताना पाय लटपटायचे, कारण रक्त गेलेलं असायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बरं वाटलं तरी गोळ्या थांबवू नका; सूज आटोक्यात राहिली नाही तर आतडं काढावं लागेल. ते ऐकून मी हबकले. करमाळ्याची कमळाभवानी आमची कुलस्वामिनी. तिला मी मनातल्या मनात विचारायचे, तुझं माझ्याकडे लक्ष तरी आहे का?

माझी मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकते. एकदा जेवताना ती सहज म्हणाली की हळदीतल्या एका द्रव्यावर, शल्लकी नावाच्या झाडाच्या डिंकावर अशा सुजेसाठी संशोधन चाललंय आणि काही रुग्णांना त्याचा उपयोग होताना दिसतोय. "पण मम्मी, ते शुद्ध केलेलं, मापातलं असतं. आणि गोळ्यांच्या जोडीला देतात, गोळ्यांऐवजी नाही." हे पुढचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. हळद म्हटल्याबरोबर मला देवीचा भंडारा दिसला. ज्याच्यावर आता शास्त्रज्ञ काम करतायत ते आई कधीपासून कपाळाला लावायला देतेय, आणि आपण करंटे ते पुसून टाकतो! मी करमाळ्याला गेले आणि नवस बोलले, बरी होईपर्यंत तुझ्या भंडाऱ्याशिवाय दुसरं औषध तोंडात घालणार नाही.

पहिले काही दिवस छान गेले. आधीच्या गोळ्यांचा अंमल टिकून होता, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, देवी पावली. सकाळ-संध्याकाळ चमचाभर भंडारा पाण्यातून घ्यायचा आणि घरच्यांकडे विजयी मुद्रेने बघायचं, असा माझा थाट होता. मुलगी डोकं धरून बसायची. "मंदिराबाहेरच्या पुडीत हळद किती आणि रंग किती, कोण बघतंय?" म्हणायची. मग रक्त पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जास्त. आता माझी खरी पंचाईत झाली. गोळी घ्यावी तर नवस मोडतो आणि देवीचा कोप होतो; न घ्यावी तर काय होणार ते दिसतच होतं. भीती दोन्हीकडून होती आणि मी हट्टाने भंडाऱ्यालाच चिकटून राहिले.

आमच्यात मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची रीत आहे. वेताच्या परडीत भंडारा आणि कवड्या ठेवून दारात उभं राहायचं, आणि पीठ, तांदूळ, जे पडेल ते देवीनं दिलं म्हणून घ्यायचं. आवडनिवड करायची नाही, परत तर मुळीच द्यायचं नाही. त्या मंगळवारी अंगात त्राण नव्हतं तरी निघाले. आमच्या नेहमीच्या पाचव्या घराला कुलूप होतं, म्हणून पुढच्या गल्लीत शिरले. तिथल्या विणकरांच्या घरांत मी कुणालाच ओळखत नव्हते. एका दारात जोगवा म्हणून हाक दिली आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली.

शुद्धीवर आले तेव्हा त्या घरातली म्हातारी बाई मला पाणी पाजत होती. "अवो ताई, पडून ऱ्हावा की हितं. तोंड कसं पांढरंफटक पडलंय!" तिने माझ्याच फोनवरून मुलीला बोलावलं. मुलगी आली ती पर्समधून गोळ्या काढतच. रोज बरोबर घेऊन फिरत होती म्हणे, मी कधीतरी हो म्हणेन या आशेवर. मी मान फिरवली. नवसाचं सांगितलं. मुलगी रडायला लागली.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मुलीच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि माझ्या परडीत टाकलं. "आता ह्यो जोगवा झाला. दारोदार मागत फिरताय, आन् अंबाबाई द्यायला लागली की तोंड फिरवताय व्हय?"

मला रडू कोसळलं. मी हात जोडले आणि गोळी घेतली. तिथूनच मुलीने दवाखान्यात नेलं. रक्त चढवावं लागलं, औषधं वाढवावी लागली, पण आतडं वाचलं. पुढे तब्येत सावरल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला हळदीच्या अर्काची कॅप्सूल दिली, मापात आणि स्वतःच्या देखरेखीखाली. कशाने किती फरक पडला, असं मी विचारलं तर म्हणाले, तुमच्या बाबतीत ते मला नक्की सांगता येणार नाही. मीही वाद घातला नाही.

त्या बाईंकडे मी आता अधूनमधून जाते. आभार मानले की हसून विषय बदलतात आणि चहा टाकतात. मी मात्र बसल्या बसल्या विचार करते. नवस बोलले तेव्हा मला वाटलं होतं, मी पूर्ण शरण गेले. खरं तर मी आईला अट घालत होते, की बरं कर, पण माझ्या पद्धतीने कर. माझा एवढा आगाऊपणा पोटात घालून तिने एका अनोळखी दारात मला सांभाळलं, ही कृतज्ञता शब्दांत मावत नाही. हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, असं डॉक्टर सांगतात. काढू दे. तिने कुठल्या हातून काय द्यावं, हे ठरवणं आता मी तिच्यावर सोडलंय.