बुंदीला मौद्याला सोडायचं ठरलं तेव्हा...

दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी आमच्या बुंदीला कायमचं मौद्याला, सासूबाईंच्या भावाकडे सोडून यायचं ठरलं होतं. बुंदी म्हणजे आमची मांजर... चार वर्षांपासून हुडकेश्वरच्या या घरात आहे.

कारण होतं तिची खाज. शेपटीच्या वर, कमरेपाशी केस जाऊन लालभडक कातडी दिसायला लागली होती. दिवसभर तिथंच चाटायची, चावायची. त्यात माझ्या मुलीच्या घोट्यांवर बारीक लाल पुरळ उठलं आणि सासूबाईंनी निकाल दिला... "गजकर्ण आहे हे. पोरीले लागलं, आता अजून काय पाहतं वं?"

मलाही तसंच वाटलं. आठ दिवस बुंदीला मागच्या बाल्कनीत कोंडलं. ती दारापलीकडून ओरडायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचे... लिहितानाही लाज वाटते.

निघण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवू म्हटलं. सासूबाईही सोबत आल्या. आजार लागणारा आहे, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

डॉक्टरबाईंनी बारीक दातांच्या फणीने बुंदीची पाठ विंचरली. मातीसारखे काळे कण निघाले. ते ओल्या कापसावर ठेवले, तर भोवती हळूहळू लालसर डाग पसरला... ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे त्यांनी प्यायलेलं बुंदीचंच रक्त. गजकर्ण नव्हतंच. तिला पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी होती आणि अशा मांजरीला एक-दोन चावेही पुरतात. आम्हाला एकही पिसू दिसली नव्हती, कारण चाटता चाटता ती त्या गिळून टाकत होती. मुलीच्या पायावरचे डागही बहुतेक पिसवांचेच.

 सासूबाई बुंदीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माय वं... तिले चावून राहिल्या होत्या, अन् आपण तिलेच कोंडून ठेवलं."

बुंदीला आणत नाही, हे कळवायला मौद्याला फोन त्यांनीच केला. बुंदीला खाजेचं इंजेक्शन मिळालं, मानेवर औषधाचे थेंब सुरू झाले. घरातल्या चादरी गरम पाण्यातून निघाल्या, सोफ्याची फट न् फट सासूबाईंनी स्वतः साफ केली. महिन्याभरात मऊ, बारीक केस उगवायला लागले.

सत्तरीतल्या बाईने आपली चूक अशी सगळ्यांसमोर, एका वाक्यात कबूल केली... मला तेवढं जमलं नव्हतं. म्हणून आज इथे लिहिते आहे.