बांधावरची टिटवी

धावड्याच्या रंगनाथआबांनी मला फसवलं. एक शब्दही खोटा न बोलता फसवलं.

मी डोक्यावर पेंढ्या वाहत वाहत कडब्याचा व्यापारी झालो. भावात मला गुंडाळेल असा माणूस भोकरदनच्या बाजारात नव्हता. आबांची ओळख झाली तीही कडब्यावरून भांडताना. मी तावातावाने बोलत होतो आणि हे बाभळीवरच्या कावळ्याच्या घरट्याकडे पाहत उभे.

"शेंड्याला बांधलंय. पाऊस कमीच. भाव न्हाई उतरायचा, शेठ."

"कावळ्याला दलाली देता का आबा?"

"पाखराला लबाडी येत न्हाई. ती आपली."

त्या वर्षी पाऊस खरंच कमी पडला. तेव्हापासून कडबा राखायचा की विकायचा, हे मी आबांना विचारूनच ठरवू लागलो.

मृगाच्या आधी गाव त्यांच्यासोबत टिटवीची अंडी पाहायला जायचं. नदीच्या पात्रात असली तर पाणी येणार नाही, उंच बांधावर असली तर भरपूर पाऊस. आबा लांबूनच दाखवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

एका साली अंडी बांधावर दिसली. आबा पोहोचण्याआधीच गावभर बोभाटा झाला, बायकांनी गूळ वाटला.

"काय आबा, विकू का?" मी विचारलं.

"अंडी तर बांधावर हायेत," एवढंच म्हणाले आणि खाली पाहू लागले.

मी सगळा कडबा विकला. घरच्या बैलांपुरताही ठेवला नाही.

पाऊस आलाच नाही. चारा कुठे मिळेना. पोटच्या पोरांसारखे वाढवलेले बैल बाजारात नेऊन उभे केले आणि तसाच आबांच्या ओट्यावर गेलो.

"टिटवीनं पात्रातच घातली होती," आबा म्हणाले. "वाळूच्या गाड्या चालू झाल्त्या. चिरडली असती. मंग मीच उचलून बांधावर ठेवली."

"बसली का टिटवी त्यांच्यावर?"

"न्हाई बसली."

"मग तेव्हाच बोलायचं होतं!"

"बाया गूळ वाटून राह्यल्त्या, शेठ. समद्यांची तोंडं फुललेली. जीभच उचलली न्हाई."

पुन्हा त्यांच्या ओट्याला पाय लावला नाही. ते वारल्यावर तेराव्याला मात्र गेलो. त्यांचा मुलगा सगळ्यांना सांगत होता, "आमच्या आबांचा अंदाज कधी चुकला न्हाई."

मी पंगतीतून उठलो.

"बराबर. त्या सालीही चुकला नव्हता. दुष्काळ त्यांना ठाऊक होता, तरी मला कळू दिला नाही. माझी दावण रिकामी झाली त्याचा जवाब कोण देणार? बापाचं नाव मिरवतोस ना? मग तूच बोल."