मशीन ऐकणाऱ्या मॅडम

"आधी आपला कान, मग लोकांचा," असं म्हणत आमच्या मॅडम रोज सकाळी काचेच्या बंद खोलीत जाऊन बसायच्या. कांदिवलीला एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं क्लिनिक होतं. बोलताना अडखळणारी मुलं आणि कमी ऐकू येणारी म्हातारी माणसं तिथे यायची. आता ते क्लिनिक नाही. मी तिथे नऊ वर्षं रिसेप्शनला होते.

पहिला पेशंट यायच्या आत मॅडम हेडफोन चढवायच्या आणि मी बाहेरून तपासणीचं मशीन चालवायचे. आधी जाड आवाज, मग बारीक, मग त्याहून बारीक. ऐकू आला की त्या हातातलं बटण दाबायच्या आणि माझ्याकडे दिवा लागायचा. सगळे दिवे लागले की मशीन ठणठणीत.

समोरच्याची थाप लगेच ओळखणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मॅडम त्यातल्याच. एकदा एक मालवणी आजोबा सुनेबरोबर आले. "माका सगळा ऐकाक येता. फक्त हिचा तेवढा येना नाय," म्हणाले. खोलीत बसवलं तर भराभर बटण दाबत सुटले. मॅडमनी आवाज बंदच केला, तरी दिवा आपला लागतोच आहे! मॅडम आत गेल्या आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या.

"आजोबा, ही काय परीक्षा आहे? इथे कोणी नापास करत नाही."

आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कानाला मशीन लागलं की घरातले आपल्याला मोडीत काढतील, ही त्यांची भीती. मॅडम अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसल्या. बाहेर तीन पेशंट खोळंबले आणि त्यांची बोलणी मी खाल्ली.

मग एके सकाळी अगदी बारीक आवाजाला दिवा लागेना. मी पुन्हा दिला, पुन्हा नाही.

"मशीनची वाट लागलीय गं," मॅडम बाहेर येत म्हणाल्या.

मेकॅनिक आला. त्याने वायर बदलली, हेडफोन बदलले आणि मशीन ओके आहे म्हणाला. मॅडम त्याच्यावर ओरडल्या. नऊ वर्षांत मी त्यांना ओरडताना तेवढंच पाहिलं. त्या आत हात धुवायला गेल्या तेव्हा त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. मला तो आवाज आला, डास कानाशी यावा तसा बारीक आणि स्वच्छ. मी ते घाईघाईने काढून ठेवले. ऐकू येतो, अशी मी त्याच्याकडे बघून मान हलवली.

घाबरण्याचं कारण होतं. आमच्याकडे पाच वर्षांची एक मुलगी यायची. 'स' म्हणताना तिची जीभ दातांच्या मधे यायची, शाळेत मुलं चिडवायची, म्हणून ती शाळेत तोंडच उघडायची नाही. मॅडम तिच्यापुढे चित्रं धरायच्या, ती बोलायची, आणि मॅडम म्हणायच्या, "झकास!" तिची आई मात्र हळूच काउंटरपाशी यायची.

"ताई, अजून 'थाबण'च म्हणते ना हो ती? का मलाच तसं वाटतंय?"

"मॅडमना कळतं ना," मी म्हणाले होते. ते वाक्य मला अजून टोचतं. 'स'चा आवाज असतो त्याच बारीक जातीचा, हे मॅडमनीच मला शिकवलं होतं.

त्यानंतर मला सकाळची धास्तीच बसली. मॅडमही टाळायच्या. "आज राहू दे, उशीर झालाय." असे दोन आठवडे गेले. मग एक दिवस त्या न बोलता आत गेल्या आणि त्यांनी हेडफोन चढवले. मी आवाज देत गेले. बारीक आवाजापाशी आले आणि माझं बोटच थबकलं. काही केल्या पुढे जाईना.

आणि दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

मॅडम खाली बघत होत्या. मी जाऊन दार उघडलं.

"मॅडम, मी आवाज दिला नव्हता."

त्यांनी सावकाश हेडफोन काढले. "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"मेकॅनिक आला तेव्हापासून."

"मला त्याच्याही आधीपासून. रोज अंदाजाने बटण दाबायचे, त्या दिवशी जमलं नाही. भीती वाटते गं. आयुष्यभर लोकांना सांगितलं, घाबरू नका, काही होत नाही. होतं गं." मग हेडफोन खुंटीला अडकवत म्हणाल्या, "त्या पोरीचा 'स' मी अंदाजाने पास करत होते."

त्यांनी स्वतःच तिच्या आईला फोन लावला. मी करते म्हटलं तर हाताने मला बाजूला केलं. "तुमच्या मुलीचा 'स' मला ऐकू येत नाही. तुमचा कान बरोबर होता. चार महिने फुकट घालवले मी तिचे. दुसऱ्या चांगल्या बाईंचा नंबर देते."

पलीकडून काहीतरी बोलणं आलं. मॅडमनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला, आणखी घट्ट दाबला. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. मग त्यांनी फोन माझ्यापुढे केला.

"काय म्हणतायत गं त्या?"

मी फोन कानाला लावला. ती आई विचारत होती, "शनिवारी आणू ना हिला? मॅडम सोडून ती कोणासमोर तोंडच उघडत नाही हो."

मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्या ओठांकडे टक लावून पाहिलं आणि मान हलवली. त्यांना ऐकू आलं होतं, की त्यांनी नुसता अंदाज केला, हे मला कळलं नाही. आणि विचारायचा मला धीर झाला नाही.